कुठलं पिस्तूल घेऊ?

गेल्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. तोही शनिवारी सकाळी आठला. (आपले लोक शनिवारी सकाळी आठला दोनच कारणांसाठी फोन करतात. एकतर गाडीची बॅटरी डाऊन झालेली असते, नाहीतर भारतात काहीतरी झालेलं असतं.) मी घाबरतच उचलला.

"अरे, ग्रीन कार्ड आलं!"

बारा वर्षं रांगेत होता बिचारा. मनापासून अभिनंदन केलं. पार्टी कधी, वहिनी काय म्हणतात, आता नोकरी बदलणार का, सगळं बोलून झालं. मग गडी जरा आवाज खाली आणून म्हणाला, "बरं ऐक, तुझ्याकडे होतं ना ते. मला सांग, कुठलं पिस्तूल घेऊ?"

मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न विचारणारा तो पाचवा. पॉटलकला विचारून झालंय, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत विचारून झालंय. दहा मिनिटांत त्याची एक्सेल शीटही आली. चौदा मॉडेल्स. वजन, कॅलिबर, मॅगझिनमध्ये गोळ्या किती, किंमत, लोकांनी दिलेले तारे. होंडा ओडिसी घ्यावी की टोयोटा सिएना, हे ठरवायलाही त्याने अशीच शीट केली होती आणि ती अजून आमच्या ग्रुपात फिरते. माणूस हुशार आहे, त्यात वाद नाही.

फोनवर मी त्याला "सांगतो" म्हणालो. ते सांगणं जरा लांबलं, म्हणून इथे लिहितोय. जे सहावे, सातवे असतील त्यांचीही सोय होईल.

आधी एक कबूल करतो. भीती खोटी नाही. "चांगल्या वस्तीत राहतोस, तुला कसली भीती" असं पुण्यात बसून म्हणणं सोपं आहे. २०११ ते २०१४ या काळात एका टोळीने टेक्सास, जॉर्जिया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मिशिगन अशा राज्यांत ठरवून आशियाई आणि भारतीय कुटुंबांची घरं फोडली. माणसं घरात असताना. सूत्रधार ह्यूस्टनची एक बाई होती आणि २०१९ मध्ये तिला ३७ वर्षांची शिक्षा झाली. आपल्या घरात सोनं असतं हे आपल्याला जितकं माहीत, तितकंच चोरांनाही माहीत. २२ फेब्रुवारी २०१७ ला कॅन्सासमधल्या ओलेथला श्रीनिवास कुचीभोटला हा आपल्यासारखाच इंजिनिअर एका बारमध्ये मारला गेला, मारेकरी "माझ्या देशातून निघून जा" म्हणत होता. त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या किती घरांत बंदुकीचा विषय निघाला ते मला माहीत आहे. माझ्याही घरात निघाला होता. मी नंतर पिस्तूल घेतलं ते आमच्या मागच्या गल्लीत, दिवाळीच्या कार्यक्रमाला सगळे गेलेले असताना, एक घर फुटलं म्हणून.

तेव्हा भीतीची टिंगल करायला मी बसलेलो नाही. माझं भांडण आहे ते ह्या भीतीवर आपण जे इंजिनिअरिंग करतो, त्याच्याशी. कारण ते वाईट इंजिनिअरिंग आहे.

दुकान

टेक्सासमध्ये पिस्तूल घ्यायला लायसन्स लागत नाही. वय २१ पूर्ण पाहिजे. दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, दुकानदार सरकारी यंत्रणेत तुमचं नाव तपासतो, बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येतं. माझ्या पहिल्या अपार्टमेंटचं लीज मिळायला मला ह्याहून जास्त कागद लागले होते. (न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळी परवानगी लागते, कॅलिफोर्नियात परीक्षा द्यावी लागते आणि दहा दिवस थांबावं लागतं. देश एक, पण कायदे पन्नास.)

इथे एक सूचना, कारण हिच्यावाचून एखाद्याचं आयुष्य बरबाद होऊ शकतं. एफ-१, एच-१ अशा व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याप्रमाणे तुम्हाला बंदूक घेता किंवा बाळगता येत नाही. शिकारीचं वैध लायसन्स असणं वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून वापरायचे, रूममेटला विचारून नाही. फॉर्मवर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढू शकतात. बारा वर्षं रांगेत उभं राहून शेवटच्या पायरीवर घसरू नका.

तर दुकान. मी आणि बायको गेलो. काउंटरवरचा माणूस अगदी अगत्यशील. माझ्यासमोर त्याने एक भलंमोठं पॉइंट फॉर्टी फाइव्ह ठेवलं आणि बायकोच्या हातात एक छोटंसं, गोंडस, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर दिलं. "लेडीजसाठी हेच बरं. हलकं, सोपं, पर्समध्ये मावतं."

हा सल्ला अमेरिकेतल्या कित्येक काउंटरवर मिळतो. तो चुकीचा आहे आणि चुकीचा का आहे हे अकरावीच्या फिजिक्सने सिद्ध करता येतं.

अकरावीचं फिजिक्स

गोळी पुढे जाते, पिस्तूल मागे येतं. दोघांचा संवेग सारखा. म्हणजे गोळी तीच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं तर ते दुप्पट वेगाने मागे येईल आणि हाताला बसणारी ऊर्जाही दुप्पट होईल. त्या गोंडस रिव्हॉल्वरचं रिकामं वजन होतं सुमारे ४०० ग्रॅम. ग्लॉक १९ नावाचं मध्यम आकाराचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल भरल्यावर साधारण ८५० ग्रॅम भरतं. रिव्हॉल्वरची .३८ स्पेशल गोळी ९ मिलिमीटरपेक्षा सौम्य समजली जाते, पण हिशेब केलात तर झटका रिव्हॉल्वरचाच जास्त निघतो. शिवाय त्याची मूठ इतकी आखूड की करंगळी हवेतच राहते.

दुसरी गोष्ट चापाची. अशा रिव्हॉल्वरचा चाप ओढायला पाचेक किलोंचा जोर लागतो. वस्तू अर्ध्या किलोची, आणि तिच्यावर दहापट जोर लावायचा, तोही न हलवता. नवशिक्याला! ग्लॉकसारख्या पिस्तुलाला ह्याच्या निम्मा जोर पुरतो.

तिसरी गोष्ट नेमाची. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं अंतर जितकं कमी, तितकी चूक मोठी. हे अंतर १५ सेंटिमीटर असेल आणि खूण एक मिलिमीटरने हलली, तर सात मीटरवर गोळी साडेचार सेंटिमीटरने चुकते. अंतर १० सेंटिमीटर असेल तर सात सेंटिमीटरने.

आम्ही दोन्ही प्रकार रेंजवर भाड्याने घेऊन झाडून पाहिले. छोट्या रिव्हॉल्वरच्या पाच गोळ्यांपैकी बायकोच्या दोन कागदावर लागल्या आणि तिसऱ्या गोळीपासून ती बार व्हायच्या आधीच डोळे मिटायला लागली. मोठ्या ९ मिलिमीटरच्या सगळ्याच्या सगळ्या कागदावर. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मला येत नाही म्हणून मला सगळ्यांत अवघड वस्तू द्यायची?" ह्यापेक्षा चांगली समीक्षा मी कुठल्याही बंदुकीच्या मासिकात वाचलेली नाही.

आता मोठ्या कॅलिबरवाल्यांसाठी. "एकाच गोळीत आडवा झाला पाहिजे" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट मारले गेले, आणि त्यानंतर एफबीआयने "आमची गोळी कमी पडली" म्हणून आधी १० मिलिमीटर आणि मग .४० कॅलिबरकडे मोर्चा वळवला. पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेतले पोलीस .४० वर होते. २०१५ च्या आसपास एफबीआय परत ९ मिलिमीटरवर आली. कारण साधं होतं. नव्या बनावटीच्या ९ मिलिमीटरच्या गोळ्या तेवढंच काम करतात आणि झटका कमी असल्याने त्या जास्त अचूक लागतात. ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांना ९ पुरत असेल, तर वर्षातून दोनदा रेंजवर जाणाऱ्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टला .४५ कशाला?

तेव्हा मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे घे. मध्यम किंवा पूर्ण आकाराचं ९ मिलिमीटर, कुठल्याही जुन्या नावाजलेल्या कंपनीचं. त्याच्या आधी सहा महिने .२२ वर शीक, तिचा झटका ९ च्या दहाव्या भागाएवढाही नसतो आणि गोळ्याही स्वस्त. विकत घ्यायच्या आधी तीन-चार मॉडेल्स रेंजवर भाड्याने घेऊन झाडून बघ. तुझी चौदा ओळींची शीट एका परिच्छेदात संपली. कारण "कुठलं" हा ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत सोपा प्रश्न आहे.

भिंत

अवघड प्रश्न त्या शीटमध्ये नाहीच. तो म्हणजे, गोळी जिथे जाईल तिथे कोण असेल?

आपण वाढलो ते विटा-सिमेंटच्या घरात. खिळा ठोकायला ड्रिल लागायचं. त्यामुळे "घराची भिंत" म्हटलं की डोक्यात काहीतरी भक्कम येतं. इथल्या घराच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडाच्या पट्ट्यांवर दोन बाजूंना ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे, मध्ये हवा. माझ्या मुलाने ट्रायसिकलने त्यात भोक पाडलं होतं. पिस्तुलाच्या गोळीसाठी एफबीआयचा निकष असा की तिने जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच आत जायला हवं. जी गोळी तेवढी जाते, ती असल्या दोन-तीन भिंती सहज पार करते. जी करणार नाही ती चोरालाही थांबवणार नाही. ह्यातून सुटका नाही, कितीही महागडं काडतूस घ्या.

एकदा घराचा नकाशा काढा. बेडरूमच्या दारात उभं राहून जिन्याकडे रेघ मारा. ती रेघ भिंतीपाशी थांबवू नका, पुढे जाऊ द्या. आमच्या घरात ती मुलाच्या पलंगावरून जाते. दुसरी रेघ शेजारच्या घरात शिरते. हा नकाशा मी पिस्तूल घेतल्यावर काढला. घेण्याआधी काढायला हवा होता. पीएचडी करून एवढंही सुचू नये!

आलं

आता मुद्द्याचं सांगतो. हे मी आत्तापर्यंत फक्त बायकोला सांगितलं होतं.

आमच्याकडे पिस्तूल चौदा महिने होतं. सगळं शहाण्यासारखं केलं होतं. क्लास केला, महिन्यातून एकदा रेंजवर जायचो, पलंगाजवळ आकडे दाबून उघडणारी लोखंडी पेटी जमिनीला बोल्टने पक्की केली होती. खंडेनवमीला पाना-पकडींशेजारी त्याचीही पूजा केली. (हळदकुंकू नळीवर वाहायचं की मुठीवर ह्यावर चर्चा झाली. पूजेलाही नळी भिंतीकडेच करून ठेवली होती.) मी स्वतःला बेजबाबदार लोकांत मोजत नव्हतो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. तिसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला मला खालून आवाज आला. दार उघडल्याचा, मग काहीतरी सरकवल्याचा. मी खाडकन जागा झालो. आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात आई-बाबा नव्हतेच. वर्षानुवर्षं खाली रात्री कोणी नसतं, हेच अर्धवट झोपेतल्या मेंदूला माहीत. तीन दिवसांपूर्वी घरात दोन माणसं वाढली आहेत ही बातमी तिथपर्यंत पोचलेली नव्हती. हात आपोआप पेटीकडे गेला. आकडे अचूक दाबले. सराव केला होता ना. भरलेलं पिस्तूल हातात घेऊन मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होतो. खाली अंधारात फ्रीजच्या उजेडात एक सावली हलत होती.

मग खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज आला.

चोर आलं ठेचत नाही.

मी परत गेलो, पेटीत ते बंद केलं, आकडे दाबताना ह्यावेळी दोनदा चुकलो. खाली आलो. बाबा म्हणाले, "उठवलं का रे तुला? झोपच लागेना. चहा टाकतोय, घेणार?" मी हो म्हणालो. पुढच्या शनिवारी पिस्तूल दुकानात परत नेलं. घेतलं होतं त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त पैसे आले. घासाघीस केली नाही.

ह्यावर एका मित्राचं म्हणणं, "पण काही झालं नाही ना? तू चाप ओढला नाहीस. म्हणजे ट्रेनिंग कामी आलं." नाही. आल्याचा आवाज कामी आला. बाबा चहाऐवजी पाणी प्यायला उठले असते तर? माझ्या क्षेत्रात ह्याला आम्ही सिस्टिम सेफ आहे असं म्हणत नाही. अपघात होता होता राहिला म्हणतो, आणि मशीन बंद करतो.

हिशेब करून पाहिला. ह्या देशात आल्यापासून रात्री आवाजाने दचकून उठल्याचे प्रसंग आठवतील तेवढे मांडले, वीसेक भरले. फ्रीजमधून बर्फ पडणं, स्मोक डिटेक्टरची बॅटरी संपत आल्याची टिवटिव, छपरावर रकून, मुलाला ताप, रूममेट पिऊन आलेला, आणि एकदा बाबा. चोर शून्य. म्हणजे ज्या अलार्मवर मी प्राणघातक यंत्र जोडलं होतं, त्याचे सगळेच्या सगळे इशारे आजवर खोटे निघाले होते. असं डिझाइन मी रिव्ह्यूला आणलं असतं तर बॉसने खोलीबाहेर काढलं असतं.

आणि आपण, परदेशातून आलेल्यांनी, हे इतरांपेक्षा जास्त लक्षात ठेवायला हवं. कारण चुकून "चोर" ठरणारा आपल्यासारखा दिसणाराही असू शकतो. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला जाताना चुकीच्या घरी गेला. घरमालकाने .४४ मॅग्नम रोखून "फ्रीझ" म्हटलं. पोराला त्याचा अर्थ कळला नसावा, तो पुढे आला आणि मारला गेला. ज्युरीने घरमालकाला निर्दोष सोडलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये कॅन्सास सिटीत राल्फ यार्ल ह्या सोळा वर्षांच्या काळ्या मुलाने भावंडांना आणायला जाऊन चुकीची बेल वाजवली आणि डोक्यात गोळी खाल्ली. नशिबाने वाचला. माझे बाबा इथे संध्याकाळी फिरायला जातात तेव्हा सगळी घरं त्यांना सारखीच दिसतात. घरमालकाच्या जागी स्वतःला बसवायच्या आधी एकदा बेल वाजवणाऱ्याच्या जागी बसून बघा.

घरातलाच माणूस

आता आकडे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या. निम्म्याहून जास्त. कॅलिफोर्नियातल्या सुमारे २ कोटी ६० लाख लोकांच्या नोंदी बघून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये छापलं, की पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या आठपट आहे आणि बायकांत पस्तीसपट. २०२२ मध्ये त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. ज्यांच्याकडे स्वतःचं पिस्तूल नाही, पण जे पिस्तूलवाल्याबरोबर एका घरात राहतात, त्यांचं काय? त्यांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. म्हणजे आपण ज्यांच्या रक्षणासाठी ते घेतो, नेमके तेच लोक.

"पण ते वाईट वस्तीतले असतील." तुलना एकाच भागात राहणाऱ्यांची केली होती. "पण मी तसा नाही." बरोबर आहे, तू तसा नाहीस. आज नाहीस.

पीएचडीच्या चौथ्या वर्षी माझा प्रयोग सलग आठ महिने चालत नव्हता, अ‍ॅडव्हायझर मेलला उत्तर देत नव्हता, लग्न ठरत होतं ते मोडलं, आणि डिसेंबरमध्ये सगळे घरी गेल्यावर रिकाम्या अपार्टमेंटमध्ये मी एकटा होतो. काही रात्री फार वाईट गेल्या. जास्त लिहीत नाही. त्या हिवाळ्यात मी एफ-१ वर होतो आणि कायद्याने माझ्या ड्रॉवरमध्ये पिस्तूल असू शकत नव्हतं. तेव्हा मला ह्या कायद्याचा पत्ताही नव्हता, आज मी त्याचा ऋणी आहे. त्या रात्री निघून गेल्या. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी जवळपास नऊ जीव घेतात, तिथे रात्र निघून जायला वेळच मिळत नाही. तेव्हा तुमच्या घरात कोणी खचलेलं असेल, ले-ऑफ झालेला असेल, कॉलेजातला मुलगा गप्प गप्प राहत असेल, तर घरात बंदूक आणू नका आणि असेल तर आज बाहेर काढा. आणि तो खचलेला माणूस तुम्ही स्वतःच असाल तर ९८८ वर फोन करा, दिवसरात्र कोणीतरी असतं.

"पण बंदुकीने जीव वाचतातही"

वाचतात. मी नाकारत नाही. वर्षाला किती वेळा लोक बंदूक दाखवून स्वतःचा बचाव करतात ह्याचे अंदाज साठ-सत्तर हजारांपासून पंचवीस लाखांपर्यंत आहेत. ज्या मापनात दोन टोकांत पस्तीस-चाळीसपटींचा फरक आहे त्याला मी मापन म्हणत नाही, पण शून्य नाही हे नक्की. खेड्यात राहता, पोलीस पोचायला पाऊण तास लागतो, किंवा तुम्हाला कोणी नाव घेऊन धमकी दिली आहे, तर तुमचं गणित वेगळं आहे आणि तुम्हाला उपदेश करायचा मला अधिकार नाही.

"हा आमचा हक्क आहे" हेही खरं. २००८ च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवायचा हक्क मान्य केला. पण हक्क म्हणजे सक्ती नव्हे. ग्रीन कार्ड मिळालं म्हणून ते वापरून दाखवायलाच पाहिजे असं काही नाही. आणि एक पेच कुठल्याही मॉडेलने सुटत नाही. ही वस्तू पाच वर्षांच्या मुलाला कधीच सापडू नये आणि मला अंधारात, झोपेत, पाच सेकंदांत सापडावी. दोन्ही एकाच वेळी शंभर टक्के साधणारी पेटी अजून निघायची आहे. ड्रॉवरमध्ये भरून ठेवलंत तर माकडाच्या हाती कोलीत, आणि नीट कुलपात ठेवलंत तर चोर तोवर तुमच्या खोलीत. (टेक्सासमध्ये भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती पडेल अशी ठेवणं हा गुन्हाही आहे.)

मग करायचं काय?

आम्ही काय केलं ते सांगतो.

१. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. लग्नाला घालायचं तेव्हा काढायचं. लॉकरमधल्या वस्तूंचा विमा वेगळा घ्यावा लागतो, तो घेतला. आणि गणपतीला नटून काढलेले फोटो "पब्लिक" करणं बंद.

२. बाहेरच्या दारांच्या चौकटीतले पाऊण इंची स्क्रू काढून तीन इंची घातले, म्हणजे ते आतल्या लाकडापर्यंत जातात. खर्च दहा डॉलरच्या आत. इथली बरीचशी दारं कुलूप तुटून उघडत नाहीत, चौकट फाटून उघडतात.

३. आमच्या झोपायच्या खोलीला पोकळ दाराऐवजी भरीव दार आणि आतून कडी. आवाज आला की सगळ्यांनी त्या खोलीत जमायचं, कडी लावायची, ९११ लावायचा. कोणीही खाली बघायला जायचं नाही. टीव्ही गेला तर जाऊ दे.

४. आईला ९११ वर इंग्रजीत पत्ता सांगायला शिकवला. चार दिवस लागले. फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलाय, देवनागरीत.

५. स्वयंपाकघरात आणि जिन्यात हालचालीने आपोआप लागणारे दिवे. हे बाबांसाठी. साखरेचा डबाही नीट दिसतो.

एवढं सगळं करून, सहा महिने शिकून, नकाशावर रेघा मारून, घरातल्या प्रत्येकाच्या मनाचा अंदाज घेऊन तरीही घ्यावंसं वाटलं, तर मी वर लिहिलंय ते ९ मिलिमीटर घ्या. पेटी जमिनीला बोल्ट करा. जेफ कूपरचे चार नियम पाठ करा: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ह्याची खात्री करायची. चौथा नियम मी जिन्यावर उभा असताना मला पाठ होता. अंधारात तो पाळता येत नाही, एवढंच.

हे सगळं मित्राला वाचायला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "शीटमध्ये अजून एक कॉलम टाकू का?" मी म्हटलं टाक, "समोर कोण" असा. अजून रिकामा आहे म्हणाला. त्याचे आई-वडील ऑक्टोबरमध्ये येताहेत. वडील पहाटे चारला उठून अंधारातच अंघोळ करतात, त्याने स्वतःच सांगितलंय.

आणि बाबा, तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहीत आहे. रागावू नका. त्या रात्रीनंतर आपण पुन्हा कधी ह्या विषयावर बोललो नाही, रविवारी फोन करतो तेव्हा बोलू.